इन्सर्ट

घणसोली, सेक्टर सात. रात्रीचे साडेदहा.
जेवणाची ताटं उचलली की त्याच टेबलावर जुना पेपर,
पेपरावर बारा कार्बनचे बाण,
आणि बारा इन्सर्ट, करंगळीच्या पेराएवढे,
ज्यांच्यात टोक फिरवून बसवतात.

रविवारी वाळंज सरांच्या मैदानावर
श्रावस्तीनं निशाणीतून बाण ओढला
आणि नुसती नळी हातात आली.
टोक आतच.
नळीच्या रिकाम्या तोंडात ती घरी येईपर्यंत बोट फिरवत होती,
दुधाचा दात पडल्यावर जीभ फिरवायची, तशी.
रागावली नाही. त्याचंच मला जास्त लागलं.

कारण आधीचं काम माझं. सुपरग्लू, पाच रुपयांची ट्यूब.
चप्पल, बादलीचा कान, चष्म्याची काडी,
या घरात सगळं तिच्याच भरवशावर उभं आहे.
पण बादलीला कुणी तीस मीटरवरून फेकत नाही.
ट्यूब पटकन धरते,
आणि हिसका बसला की काचेसारखी तडकते.

रबाळ्याला आमच्या कंपनीत घरत आहे, रेझिनला.
डब्याच्या सुट्टीत विचारलं.
इपॉक्सी, म्हणाला, दुसरं नाव काढू नको.
दोन नळ्या, समान भाग, चोवीस तास हात लावायचा नाही.
एकदा बसलं की तुझी राख होईल, ते निघणार नाही.
त्याच्या नखांच्या कडा वीस वर्षांच्या रेझिननं पिवळ्या.
हजेरीचं मशीन त्याचा अंगठा ओळखत नाही,
रोज रजिस्टरमध्ये सही करतो.

आणि हॉट मेल्ट? मी विचारलं. ती कांडी, मेणबत्तीवर वितळवायची?
ती तर गरम पाण्यात धरली की सुटते, म्हणाला,
मग तो गोंद कसला?

दोन दिवस हेच डोक्यात. मशीनवर, रिक्षात, आंघोळीत.

काल सरांनी तिचा हात मापला.
दिवाळीपर्यंत हे बाण आखूड पडतील, म्हणाले,
आखूड बाण ताणला तर आपल्याच हातात घुसतो.
टाकू नका, जुईलीला होतील.
जुईली दिवाळ्याची, म्हात्र्यांची,
हिच्या खांद्याएवढी, अजून बांबूच्याच बाणांवर.
तिच्यासाठी नळ्या कापाव्या लागतील,
आणि कापायच्या त्या टोकाकडून.

तेव्हा मेणबत्ती लावली.

सुजातानं दवाखान्यातून स्पिरिट आणलेलं.
कापसाची काडी नळीत फिरवली, काळी झाली,
दुसरी करडी, तिसरी पांढरी.
इन्सर्टला पॉलिश पेपर, थोडं खरखरीत, म्हणजे धरेल.
मागचं नॉक काढून ठेवलं, आतल्या हवेला वाट हवी,
नाहीतर ढकललेलं हळूच परत येतं.
आच फक्त टोकाला. नळीला नाही.
कार्बन वरून तसाच दिसतो
आणि आतून मऊ पडून वाया जातो.
पकडीत टोक, टोकावर इन्सर्ट, इन्सर्टवर मधासारखा थेंब,
फिरवत फिरवत आत.
कडेला जे कडं आलं ते चिंधीनं पुसलं.
सातव्याला बोट भाजलं. शिवी दिली, हळू,
ती आत झोपली होती.

बारावा थंड झाल्यावर पकडीनं ओढून पाहिला.
नाही आला.
अजून जोर लावला असता. नाही लावला.

सकाळी घरतनं विचारलं, काय वापरलंस शेवटी?
इपॉक्सी, म्हटलं.
तो खूश झाला,
आणि सुक्या जवळ्याचा डबा
माझ्याकडे सरकवला.